आई झोपलीय

सकाळी साडेसहाला वाटाड्या टायर ओढत गल्लीतून निघाला की लोक खिडकीतून त्याच्यावर घड्याळ लावून घेत. कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला दोर आणि दोराला मागे ट्रकचे दोन जुने टायर. पृथ्वीच्या अगदी टोकाला, जिथे चार महिने सूर्य मावळतच नाही, तिथे बर्फाच्या मैदानातून वर आलेले डोंगर आहेत. त्या डोंगरांवर लोकांना चढवायचं आणि सुखरूप खाली आणायचं, हे त्याचं काम. तिथे सामानाची घसरगाडी स्वतःच ओढावी लागते, आणि तिची तालीम डांबरी रस्त्यावर टायर ओढूनच होते.

दूधवाला दरवर्षी विचारायचा, "काय हो, पंक्चर काढायला इतक्या लांब?"

आणि वाटाड्या दरवर्षी सांगायचा, "टायर सापडलेत, गाडी शोधतोय."

यंदा दूधवाल्याने काही विचारलं नाही. त्याने सायकल बाजूला घेतली, मान खाली घातली आणि टायर जाऊ दिले.

मागून चालणारी बाई यंदा नव्हती. आठ हंगाम ती चालली होती. हातात घड्याळ, पायात नवऱ्याचे जुने बूट आणि तोंडाने सारखी टोचणी. "चला, पलीकडच्या गल्लीतली आजी पुढे गेली तुमच्या." शेवटच्या फेरीला ती साडी आवरून सरळ टायरवर बसायची. "आधी मला ओढून दाखवा, मग बर्फाचं बघू." गल्ली हसायची, आणि तो तिला कोपऱ्यापर्यंत ओढत न्यायचा.

ती गेली त्याला आता दहा महिने झाले होते. नववा हंगाम सतरा दिवसांवर आला होता.

ती कशी गेली हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एका सोमवारी सकाळी ओट्यापाशी उभी असताना डोकं धरून खाली बसली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. दुपारी दोनपर्यंत सगळं संपलं. वाटाड्या तेव्हा बर्फावर होता, सहा माणसं दोराला बांधून एका धारेवर चढत होता, आणि त्याला त्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला कळलं सात आठवड्यांनी, हंगाम संपवून विमानातून उतरल्यावर. एका गरम खोलीत कंपनीच्या साहेबांनी त्याला खुर्ची दिली आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला समोर ठेवला. शब्द नंतर आले. पेला बघूनच त्याने ओळखलं.

मधल्या सात रविवारी त्याने घरी फोन केला होता. दर रविवारी प्रत्येकाला सॅटेलाइट फोनवर दोन मिनिटं मिळत. त्या फोनवर आपलं बोलणं आभाळात जाऊन परत येतं, म्हणून दर वाक्यानंतर थोडं थांबावं लागतं. सातही वेळा लेकीने फोन उचलला. सातही वेळा त्याने विचारलं, "मुंगे, आई कुठंय?" आणि सातही वेळा थोड्या वेळाने उत्तर आलं, "आई झोपलीय."

ते थांबणं आभाळाचं होतं की लेकीचं, हे त्याला कळलंच नाही. एकदा तर तो हसून म्हणाला होता, "मी नाही म्हटल्यावर तुझ्या आईची चैन चाललीय."

घरी आला तेव्हा लेकीने दार उघडलं. बावीस वर्षांची पोर, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करणारी. लहानपणी आपल्याहून मोठं ओझं उचलून चालायची, म्हणून तिला मुंगी म्हणायचे. तिने बापाच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "जेवण वाढू?" तेवढंच. आधी ती त्याला अरेतुरे करायची. त्या दिवसापासून "तुम्ही" म्हणू लागली. घरात बोलणं होतं, नाही असं नाही. किल्ली कुठे ठेवली, पाणी आलं का, छत्री न्या. पण आई गेली हे वाक्य तिने बापाला कधी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं, गल्लीने सांगितलं, मावशीने गळ्यात पडून सांगितलं. लेकीने नाही. ते वाक्य घरात कुठेतरी पडून होतं आणि दोघं त्याला वळसा घालून चालत होते.

हे असंच ठेवून बर्फावर जायचं, या विचाराने वाटाड्याला झोप लागत नव्हती.

*

तयारीची कामं काही कमी नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी दोन दाढा नव्याने भरल्या, कारण त्या थंडीत जुनं भरलेलं तडकतं. वजन सहा किलोंनी वाढवायचं होतं, आणि ते काम मावशीने अंगावर घेतलं होतं. मावशी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. ती रोज डबे घेऊन यायची आणि समोर बसून खायला लावायची.

"भावोजी, ताटात काय बघताय? त्यात डोंगर नाहीये."

"पोट भरलं गं."

"पोटाचं कोण बोलतंय? कंपनीने वजन मागितलंय."

त्याच दिवशी, मंगळवारी, तो कागद भरायला कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथे काडी आधीच आला होता. काडी त्याचा जुना जोडीदार, नावाप्रमाणेच बारीक. गेली आठ वर्षं दोघं एकाच दोराला होते. दोघांनी डॉक्टरांचा दाखला दिला, बुटांचं माप लिहिलं, आणि मग चौथं पान आलं.

चौथ्या पानाबद्दल बाहेर कुणाला फारसं माहीत नाही. हंगामात घरी काही वाईट घडलं तर ते तुम्हाला कळवावं की कळवू नये, एवढंच त्यात विचारलेलं असतं. कळवायचं तर कोणी, हे त्याखाली. आणि सगळ्यात शेवटी, याबद्दल तुमचं घरच्यांशी बोलणं झालं आहे का?

जुने वाटाडे सगळे "कळवू नये" वर खूण करत. त्याला कारण होतं. मधे विमान येत नाही, येतं ते फक्त तिथे कुणाच्या जिवावर बेतलं तर. म्हणजे बातमी कळली तरी घरी जाता येत नाही. आणि दोराला बांधलेल्या माणसांचा जीव वाटाड्याच्या बोटांवर असतो. फार पूर्वी एका वाटाड्याला भाऊ गेल्याचं मधेच कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोर कडीत अडकवला, पण कडीचा स्क्रू फिरवायचा राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तो सहा माणसांच्या डोळ्यांसमोर खाली गेला. तेव्हापासून "कळवू नये" ही रीतच पडली. "कळवावे" वर खूण करणाऱ्याला लोक कच्चा समजत.

वाटाड्यानेही आठ वेळा तीच खूण केली होती. उभ्या उभ्या, कागद काडीच्या पाठीवर ठेवून. आणि शेवटच्या प्रश्नाला आठही वेळा "हो" लिहिलं होतं. घरी तो एक अक्षर बोलला नव्हता. निघायच्या दिवसांत वाईटसाईट कशाला बोलायचं, असं त्याला वाटायचं. त्यात लबाडी नव्हती. आळस होता, आणि थोडी माया होती.

"आण इकडे," काडी पाठ करून वाकला. "टेबल तयार आहे."

वाटाड्याने कागदाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"घरी भरतो."

काडी सरळ झाला. जाताना त्याने खांद्यावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ ठेवला.

टेबलामागच्या बाईंनी काडी जाईपर्यंत वाट पाहिली. हंगामात घरच्यांचे फोन घेणं हे त्यांचं काम होतं.

"बसा जरा," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट वर्षभर सांगायची राहिलीय. त्या आठवड्यात तुमच्या मुलीचे मला तीन फोन आले."

"तीन?"

"पहिल्यांदा म्हणाली, बाबांना सांगा. मी तुमचा कागद काढला आणि वाचून दाखवला. दुसऱ्यांदा म्हणाली, पुन्हा एकदा नीट बघा, चुकून खूण झाली असेल. मी पुन्हा बघितलं." टेबलावरची पेनं त्यांनी एका रांगेत लावली. "तिसऱ्यांदा ती शनिवारी बोलली. म्हणाली, उद्या त्यांचा फोन येईल, ते विचारतील आई कुठंय, तर मी काय सांगू? आता नियमात त्याचं उत्तर नाही हो. मी सगळं चाळून पाहिलं. मग मीच म्हटलं, झोपलीय म्हणून सांग. मला दुसरं काही सुचलं नाही."

वाटाड्या त्या पेनांकडे बघत राहिला.

"ते वाक्य माझं आहे," बाई म्हणाल्या. "तिचं नाही. तुम्ही तिच्यावर राग धरू नये, म्हणून सांगितलं."

"राग?" तो म्हणाला. "अहो, राग कुणी कुणावर धरायचा?"

*

गुरुवारी संध्याकाळी मावशी त्याला ओढूनच प्रार्थनेला घेऊन गेली. तिथे दर गुरुवारी एक म्हातारे बुवा गाऊन निरूपण करत. आवाज आता चिरका झाला होता, पण देवाचं नाव घेताना त्यात एकदम ऊब यायची, थंडीत कुणी आपल्या अंगावरची शाल काढून दुसऱ्याला द्यावी तशी. बायको या निरूपणासाठी जीव टाकायची. घरी येऊन तेच गुणगुणत शिवणटिपण करायची. वाटाड्याला त्यातले शब्द कधी आले नाहीत. चाल तेवढी यायची. बर्फावर तंबूत वारा घुमत असताना तो ती नुसती चाल म्हणायचा, आणि देवाला तेवढं पुरत असावं, कारण तो दरवेळी परत आला होता.

बुवांची एक पद्धत होती. ओळ अर्धी गायची आणि सोडून द्यायची. उरलेली समोरच्यांनी पुरी करायची. लोकांना उशीर झाला तरी ते घाई करायचे नाहीत. हात गुडघ्यावर ठेवून, डोळे मिटून थांबायचे. एकदा कुणीतरी विचारलं होतं, बुवा, तुम्हीच का नाही पुरी करत? तर म्हणाले, "ती माझी नाही, त्यांची आहे. मी म्हटली तर त्यांच्या तोंडून कायमची गेली."

वाटाड्या मागच्या बाकावर टेकला. आणि त्याला पुढे तिसऱ्या बाकावर, बायकोच्या जागी, लेक बसलेली दिसली.

"दर गुरुवारी येते," मावशी कानाशी म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"दुकानात उशीर होतो म्हणते."

"होतोच की. देवाच्या दुकानात."

बुवांनी अर्धी ओळ गायली आणि सोडली. सगळ्या प्रार्थनाघरात आवाज उठला, म्हाताऱ्या, पोरं, मावशीही मान डोलवून. लेकीचे ओठ मिटलेले होते. पुढची ओळ आली, त्याच्या पुढची आली. ती गात नव्हती. तोंडात काहीतरी धरून बसल्यासारखी ती मिटलेल्या ओठांनी समोर बघत होती.

लोक उठायच्या आधीच वाटाड्या बाहेर पडला.

*

शुक्रवारी नव्या जाकिटाला नाड्या लावायचं काम निघालं. तिथे हातात इतके जाड मोजे असतात की चेनचं बारीक टोक धरता येत नाही. म्हणून प्रत्येक चेनला बोटभर नाडी बांधायची. बायको त्या नाड्यांना गाठी मारायची. गळ्याच्या चेनला एक गाठ, छातीच्या खिशाला दोन, कमरेच्या खिशाला तीन. वादळात डोळ्यांपुढचं दिसत नाही तेव्हा नुसत्या अंगठ्याने कळावं कुठली कुठली.

मावशी जाकीट मांडीवर घेऊन बसली होती आणि नाडीशी भांडत होती.

"ही गाठ बसते का सुटते? भावोजी, माझ्या गाठीवर जाल तर खिसा उघडायला जाल आणि गळा उघडाल."

लेक दुकानातून आली. हात धुतले. मावशीच्या मांडीवरून तिने जाकीट उचललं, अर्धवट बसलेली गाठ दातांनी सोडवली आणि नव्याने मारायला लागली. एक. मग दोन. बारीक, घट्ट, आपल्यातच वळलेल्या. वाटाड्याने त्या गाठी आठ वर्षं अंगठ्याखाली ओळखल्या होत्या.

"कुठे शिकलीस?"

"आईने शिकवल्या."

तो घरी परतल्यापासून हा शब्द दोघांच्या मधे पहिल्यांदा आला. मावशीने डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोघांकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं.

वाटाड्याने खिशातून घडी काढली आणि जाकिटावर ठेवली.

"हे चौथं पान. वाच."

"माझं पाठ आहे," लेक म्हणाली. "दोनदा ऐकलंय फोनवर."

"यंदा काय लिहू ते तू सांग."

"मी का सांगू? आठ वेळा लिहिलंत तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

"नव्हतं विचारलं."

"मग शेवटच्या प्रश्नाला काय लिहिलं होतं?"

त्याला मान वर करता आली नाही. "हो म्हणून."

"म्हणजे कागदावर तुम्ही आमच्याशी बोललात," मावशी म्हणाली. "घरात तेवढं राहून गेलं." ती टोचायला गेली होती, पण बोलता बोलता तिनेच पदर तोंडाला लावला.

लेक गाठ मारत राहिली. "काहीही लिहा. आता घरी आहे कोण? मी. वाईट बातमी आली तर माझीच येणार. निदान ऑफिसात फोन करायला मी नसेन."

"असं बोलू नये गं," मावशी म्हणाली.

"का? लिहायला चालतं, बोलायला नाही?"

तिसऱ्या चेनच्या गाठी पुऱ्या झाल्या. लेकीने जाकीट झटकलं आणि खुर्चीच्या पाठीला अडकवलं.

"एक सांगते. कळवा लिहा, कळवू नका लिहा, मला सारखंच. फक्त रविवारी फोन करू नका. मी उचलणार नाही."

वाटाड्याने मान हलवली. तिथल्या बर्फात कधी कधी वरून सपाट दिसतं, आणि काठी टोचली की आत पोकळी लागते. तिथे पाय ठेवायचा नसतो. दोर ताणून धरायचा आणि थांबायचं. एवढं त्याला कळत होतं.

"उद्या आवाजाची तपासणी आहे," तो हळूच म्हणाला. "घरून कुणीतरी एक ते दहा म्हणायचं असतं. मावशीला सांगू का?"

"मी म्हणेन," लेक म्हणाली. "पण दहापर्यंत. पुढे नाही."

*

निघण्याआधी प्रत्येक वाटाड्याला त्याचा सॅटेलाइट फोन हातात देत, आणि त्याने तो मोकळ्या जागी जाऊन तपासायचा असे. घरी लावायचा. घरच्याने सावकाश एक ते दहा म्हणायचं. वाटाड्याने दहातले किती नीट ऐकू आले ते कागदावर लिहायचं. आठ वर्षं बायकोने आकडे म्हटले होते. दहा झाले की ती थांबायची आणि म्हणायची, "आणि अकरावा तुमच्या नावाचा." त्या अकराव्यासाठी कागदावर जागा नव्हती.

शनिवारी दुपारी तो शाळेमागच्या मैदानात गेला. सुट्टी होती. कडेला एक बाक, बाकाखाली कुणाचं तरी विसरलेलं एक पायताण. त्याने फोनचा दांडा आभाळाकडे वळवला, गुडघ्यावर कागद ठेवला आणि नंबर लावला.

घंटी गेली. उचलला.

"हॅलो."

"ऐकू येतंय का?"

आभाळाएवढं थांबणं. "येतंय. म्हणू?"

"म्हण."

"एक." त्याने कागदावर रेघ मारली. "दोन." रेघ. "तीन. चार. पाच." आवाज स्वच्छ होता. लेक शेजारी उभी राहून बोलावी तसा. "सहा."

पेन्सिल कागदावर टेकून राहिली. सात आला नाही.

तो थांबला. आभाळाला लागतो तेवढा वेळ गेला. आणखी गेला. फोनच्या तोंडावरचा हिरवा दिवा जळत होता, म्हणजे दोर तुटलेला नव्हता. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. त्याला म्हातारे बुवा आठवले, गुडघ्यावर हात ठेवून, डोळे मिटून बसलेले. देवा, त्याने मनात म्हटलं, मला थांबता येऊ दे. आणि मग त्याच्या तोंडून तेच आलं जे दर रविवारी यायचं. त्याने ते अडवलं नाही.

"मुंगे, आई कुठंय?"

मैदानाच्या पलीकडे झाडावरून पाखरं उडाली आणि पुन्हा तिथेच बसली.

"आई गेली, बाबा."

त्याने फोन कानावर घट्ट दाबला.

"सोमवारी गेली. सकाळी. मी आंघोळीला गेले होते आणि दूध उतू गेल्याचा वास आला. मी ओरडले, आई, दूध. मग बाहेर आले तर ती ओट्यापाशी खाली बसलेली. डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. मला म्हणाली, आधी गॅस बंद कर." आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. "मी बंद केला. मग तिला काही बोलता आलं नाही."

"मग?"

"मग मावशीला बोलावलं. दवाखान्यात नेलं. दोन वाजता डॉक्टर बाहेर आले. तुझा निळा स्वेटर होता तिच्या अंगात, बाही फाटलेला. तो त्यांनी कात्रीने कापला. माझ्याकडे आहे तो. मी सांगितलं नाही तुला."

"बरं."

"तिचे केस मीच विंचरले. नीट जमले नाहीत. भांग वाकडा पडला."

"चालतं गं."

"तू नव्हतास."

"नव्हतो."

"मी तुला सांगायला फोन केला. त्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले तूच नको म्हटलंयस." आता ती रडत होती, पण शब्द सोडत नव्हती, एकेक खाली ठेवत होती. "पाचव्या रविवारी तू म्हणालास, उठव तिला, एक मिनिट बोलू दे. आठवतंय? मी फोन हातात घेऊन खरंच खोलीत गेले. पायांचा आवाज तुला ऐकू जाईल म्हणून. पलंगापाशी उभी राहिले. गादी गुंडाळून ठेवलेली होती. मग परत येऊन तुला सांगितलं, गाढ झोपलीय. आणि तू म्हणालास, झोपू दे, दमते बिचारी."

वाटाड्याने तोंडावर हात दाबून धरला. धारेवर उभं असताना दोराच्या टोकाला माणूस घसरला तर ओरडायचं नसतं, पाय रोवायचे असतात. त्याने पाय मातीत रोवले.

"मी कसं सांगितलं मला माहीत नाही," लेक म्हणाली. "सात वेळा."

"तुला सांगावं लागलं ते माझ्यामुळे," तो म्हणाला. "मी खूण केली. घरी विचारलं नाही. तुझं काही चुकलं नाही, मुंगे. एकदाही नाही."

आभाळ. मग नाक ओढल्याचा आवाज.

"तिला त्रास झाला का?" त्याने विचारलं. कुणालाच विचारलं नव्हतं हे त्याने.

"थोडा. सुरुवातीला. मग तिने माझा हात धरला तो घट्ट होता. मग सैल झाला."

दोघं बराच वेळ तसेच राहिले, ती ओट्यापाशी, तो बाकावर, मधे सगळं आभाळ. देव कुठे असतो असं कुणी विचारलं असतं, तर त्या वेळी तो तिथेच मधे कुठेतरी होता, दोघांचं ऐकत आणि एक शब्द न बोलता.

"बाबा."

"हं."

"उरलेले म्हणू?"

"म्हण."

"सात," लेक म्हणाली. "आठ. नऊ. दहा."

तो थांबला. अकरावा आला नाही. तो कुणी म्हणणार नव्हतं, आता कधीच नाही.

फोन ठेवल्यावर त्याने तपासणीच्या कागदावर लिहिलं, दहापैकी दहा. मग खिशातून चौथं पान काढलं आणि गुडघ्यावर सरळ केलं. घडीवर कागद विरायला लागला होता. "कळवावे" वर त्याने खूण केली. कोणी कळवावे, या प्रश्नापुढे लिहिलं, मुलीने, आणि थोडा थांबून त्याखाली लिहिलं, मुलीबद्दल असेल तर तिच्या मावशीने. ते लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं. त्याने ते दातांनी नीट केलं. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं, हो.

घरी जायला हवं होतं. मावशी ताट वाढून बसली असेल, वजन मागत असेल. पण त्याला उठता आलं नाही. हंगामाला अजून तेरा दिवस होते, आणि त्याची बायको आज गेली होती.